पंख्याचं बुश सटकतंय, तर बदलत्या हबचा पंखा घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तारकर्लीला पर्यटक फिरवणारी २२ फुटी फायबर बोट, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, त्याला मूळचा तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा. बोट रिकामी असली की ठीक चालते. माणसं भरून थ्रॉटल वाढवला की इंजिन ओरडतं आणि बोट जागच्या जागी. दुकानदार म्हणतो, आतला हब, म्हणजे पंखा दांड्याला जोडणारा मधला भाग, बदलता येतो असा पंखा घ्या. ओळखीतला एक बोटवाला म्हणतो, तसला हब दर महिन्याला तुटतो. दुसरा म्हणतो, पाच वर्षं झाली, हात लावावा लागला नाही. मग खरं कोणाचं?

दोघांचंही खरं असू शकतं, आणि ते कसं हे खाली येईलच. पण पंखा कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी बुश, म्हणजे पंख्याच्या मध्ये दाबून बसवलेलं रबर, नक्की सटकतंय का आणि सटकतंय तर कशामुळे, हे बघा. हे न बघता नवा पंखा आणला तर पुढच्या मोसमात हाच प्रश्न नव्या पंख्याबद्दल विचाराल.

खात्री करायला खर्च काही नाही. नट काढा आणि मागून पंख्याच्या पोटात बघा. मध्ये दाते असलेली पितळी नळी, तिच्याभोवती रबर, त्याच्या बाहेर पंख्याचं ॲल्युमिनियम. थिनरने पुसून या तिन्हींवरून एक सरळ रेघ ऑइल पेंटने किंवा नेलपॉलिशने ओढा, वाळू द्या, नट परत आवळा. मग बोटीत नेहमीएवढं वजन भरून पाच मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर चालवा आणि पुन्हा बघा. रेघ तुटून दोन तुकडे पुढेमागे झाले असतील तर बुश सटकलंय, वाद संपला. रेघ सरळ असेल तर पंख्याला दोष देऊ नका.

रेघ सरळ राहूनही इंजिन ओरडतं तेव्हा बहुधा पंख्यापाशी हवा शिरत असते. कॅव्हिटेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या वरची आडवी पाटी, साधारणपणे बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. इंजिन त्याहून वर बसवलं असेल, ट्रिम (इंजिनाचा कल) जास्त बाहेर असेल, किंवा माणसं सगळी नाळेकडे बसल्याने मागचा भाग उचलला जात असेल, तर पंखा हवा ओढतो. आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं. पंख्याच्या मागच्या कडेला बाहेर फाकलेली एक कड किंवा रिंग असते. पंख्यातून बाहेर पडणारा धूर मागे ढकलणं हे तिचं काम. ती तडकली किंवा तुटली की धूर पुन्हा पात्यांवर ओढला जातो, आणि लक्षणं हुबेहूब बुश सटकल्यासारखी दिसतात. तिसरी शक्यता गिअरची. तिथे नुसतं ओरडणं नसतं, खटखट असे ठोके बसतात. गिअरमधला क्लच डॉग, म्हणजे गिअर पकडून धरणारा दातेरी तुकडा, झिजून निसटत असतो. तेव्हा बोट पाण्याबाहेर काढा आणि चालवणं थांबवा.

आता बुशच सटकतंय असं धरून चालू. ते भरल्या बोटीलाच का सटकतं हे आकड्यांत बघा. ४० एचपीचं इंजिन ५००० आरपीएमला साधारण ५६ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. गिअर २:१ धरला, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक, तर पंख्याच्या दांड्यावर ११२ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे मीटरभर लांब पाना लावून त्याच्या टोकाला साडेअकरा किलो वजन टांगलं, तेवढा पीळ त्या रबराने सतत धरायचा. चांगलं रबर हे सहज धरतं. अर्ध्या थ्रॉटलवर पीळ बराच कमी असतो, म्हणून कमजोर झालेलं बुशही रिकाम्या बोटीत कुरकुर करत नाही. आणि एकदा सटकलं की घासून तापतं, रबराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, पुढच्या वेळी आणखी कमी पिळाला सटकतं. ते आपोआप पुन्हा पकडत नाही. समुद्रात असताना सटकलं तर थ्रॉटल जिथे ओरडणं थांबतं तिथवर खाली आणायचा आणि त्याच गतीने हळूहळू किनारा गाठायचा.

पण सतत येणारा हा पीळ बुशला मारत नाही. मारतात झटके. मासेमारीची होडी सकाळी गिअर टाकते आणि तासाभराने न्यूट्रल करते. पर्यटकांच्या बोटीत प्रत्येक फेरीला धक्क्यावरून निघणं, मागे घेणं, फोटोला थांबणं, पुळणीला लावणं असे सहा-आठ वेळा गिअर पडतात. दिवसाला पंधरा फेऱ्या झाल्या तर हा आकडा शंभराच्या घरात जातो. त्यात चालवणारा पोरगा १५०० आरपीएमवरच पुढचा-मागचा गिअर मारत असेल, तर प्रत्येक वेळी हबवर हातोडीचा घाव बसतो. दुसरा झटका लाटेचा. खाडीच्या मुखावर लाट बोटीचा मागचा भाग उचलते, पंखा हवेत सुटून भन्नाट फिरतो आणि पुढच्या क्षणी पाण्यात धाडकन पकडतो. बनाना राइड ओढणाऱ्या बोटीत दोरी ताणली जाते तेव्हाही असंच होतं. तिसरा झटका वाळूचा. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा बांध जागा बदलतो, हे तुम्हाला सांगायला नको.

त्याबरोबर पिचही बघा, म्हणजे पंखा एका फेरीत हिशेबाने किती इंच पुढे सरकायला हवा ते. टॅकोमीटर लावून नेहमीच्या भाराने पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम मिळतो ते लिहून घ्या. या वर्गातल्या बऱ्याच टू-स्ट्रोकना ४५०० ते ५५०० हा पल्ला दिलेला असतो, तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेत पाहा. भरल्या बोटीत ४२०० च्या वर जात नसेल तर पंखा जड पडतोय. पिच एक इंच कमी केल्यावर साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे दोन इंच कमी केला की गणित जुळतं. बुडाला शेवाळ आणि शिंपले धरले असतील तर आधी ते खरवडा, मगच हा आकडा घ्या. आणि बुश सटकत असताना घेतलेला आरपीएम काहीच सांगत नाही, ही मोजणी धड पंख्यावरच करायची. शेजारच्याचा मागून आणला तरी चालेल, फक्त दाते आणि पिच जुळायला हवेत.

घसट, म्हणजे हिशेबाच्या वेगापेक्षा बोट प्रत्यक्षात किती कमी पळते, हे काढायचं असेल तर आधी हिशेबाचा वेग काढा: आरपीएम गुणिले पिच इंचांत, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५. उत्तर नॉटमध्ये येतं. ५००० आरपीएम, ११ पिच, २:१ गिअर असेल तर साडेबावीस नॉट. जीपीएसवर १८ दिसले तर घसट २० टक्के, भरल्या पर्यटक बोटीला हे योग्यच. ११ किंवा १२ नॉट दिसले तर कुठेतरी घोळ आहे.

आता मूळ प्रश्न. बदलत्या हबच्या पंख्यात मधलं रबर दाबून चिकटवलेलं नसतं. पंख्याच्या पोटात चौकोनी किंवा खाचा असलेली पोकळी असते, तिच्यात प्लास्टिकची किंवा रबराची वेगळी बाही बसते, आणि बाहीत दाते असलेला पितळी तुकडा. मर्क्युरीची फ्लो-टॉर्क, मिशिगन व्हीलची एक्सएचएस आणि टर्निंग पॉइंटची पद्धत याच जातकुळीतली. तैवानच्या सोलासची रुबेक्स रबराच्या बाजूची. प्लास्टिकची बाही पीळ जवळजवळ थेट पुढे देते, तापून गुळगुळीत होत नाही, पण मर्यादेबाहेर गेली की पिळवटते किंवा तिचे कोपरे कापले जातात. रबराची बाही गिअर पडताना मऊ वाटते. फोर-स्ट्रोक इंजिन आयडलला असताना प्लास्टिक हबचा पंखा खडखडतो, ते ऐकून लोक गिअर गेला म्हणून घाबरतात. टू-स्ट्रोकवर याचा फारसा त्रास नाही.

दुकानदार सांगतो की हब तुटतो आणि गिअर वाचतो. हे अर्धंच खरं मानून चाला. ॲल्युमिनियमच्या पंख्याची पाती खडकावर स्वतःच वाकतात किंवा तुटतात, धक्क्याचा मोठा भाग तिथेच जिरतो. स्टीलचा पंखा वाकत नाही, म्हणून तिथे हबवर जास्त भार येतो आणि तुटणाऱ्या हबचं मोलही जास्त. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत आणि वाळूच्या बांधावर चालणाऱ्या तुमच्या बोटीला स्टीलचा पंखा मी सुचवणार नाही. आणि कुठल्याही हबच्या भरवशावर खडकाजवळून जाऊ नका.

मग फायदा कशात? दुरुस्तीत. दाबून बसवलेलं बुश गेलं की पंखा प्रेस असलेल्या माणसाकडे पाठवावा लागतो, गोवा किंवा मुंबई, आणि तो परत येईपर्यंत मोसमातले दिवस जातात. तिथेही रबर कुठल्या दर्जाचं घातलं हे तुम्हाला दिसत नाही. बदलत्या हबचं किट मात्र घरच्या ओट्यावर अर्ध्या तासात बसतं. पातं वाकलं आणि पिच बदलायचा ठरला तर तोच हब दुसऱ्या पंख्यात जातो, दोन्ही पंखे एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले असले म्हणजे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाह्या मापाने सारख्या दिसल्या तरी एकमेकींत घालू नका. कंपनीने जोडी छापून दिली असेल तरच घाला.

एक अतिशयोक्ती मात्र सोडून द्या, ती म्हणजे समुद्रात हब बदलण्याची. तुटलेल्या प्लास्टिकचा गोळा पोकळीतून बाहेर ठोकायला योग्य मापाचा पाइप, हातोडी आणि टेकवायला कडक जागा लागते. हलत्या बोटीत मागे वाकून हे जमत नाही, पितळी तुकडा तेवढा पाण्यात पडतो. बोटीत ठेवायचा तो अख्खा जोडलेला दुसरा पंखा. त्याच्यासोबत नट, पुढचा जाड थ्रस्ट वॉशर, मागचा वॉशर, दोन-तीन कॉटर पिना, मापाचा पाना, पकड, लाकडाचा ठोकळा आणि ग्रीसची छोटी ट्यूब. उथळ पाण्यात उभं राहून दहा मिनिटांत पंखा बदला, हबचं काम घरी करा. तुमचा जुना पंखा नवं बुश घालून हाच सुटा पंखा म्हणून ठेवता येतो.

आता त्या दोन बोटवाल्यांकडे. पाच वर्षंवाल्याची बोट खोल पाण्यात चालत असेल आणि तो महिन्याला पंखा काढून ग्रीस करत असेल, तर त्याचं म्हणणं सरळ आहे. महिन्याला तोडणाऱ्याच्या बाबतीत मी आधी त्याची जोडणी बघीन. चुका बहुतेक त्याच त्याच असतात. दात्यांची संख्या किंवा किटचा नंबर चुकीचा असतो, म्हणजे इंजिनाला १३ दाते आणि किट दुसऱ्याच मालिकेतलं, ते सैल बसतं आणि झिजतं. किंवा जुना थ्रस्ट वॉशर हरवला म्हणून लेथवर दुसरा करून घातलेला असतो. या वॉशरची एक बाजू उतरती असते, ती दांड्याच्या उतरत्या खांद्यावर बसते, आणि पंख्याचा सगळा पुढचा रेटा तिथे जातो. वॉशर उलटा किंवा चुकीचा असला की तो रेटा बाहीवर येतो. काही किटबरोबर वेगळा वॉशर येतो, काहींत जुनाच वापरायचा असतो, किटमधला कागद वाचा. तिसरी चूक म्हणजे पोकळीचे कोपरे. सैल हबने बरेच दिवस चालवलं की ॲल्युमिनियमचे कोपरे गोलावतात. मग नवी बाही कितीही चांगली असली तरी टिकत नाही, पंखाच टाकावा लागतो. आणि हे सगळं बरोबर असूनही हब तुटत असेल तर तो रोज वाळूवर आपटतोय. तिथे हब आपलं काम करतोय आणि बदलायचा मार्ग आहे.

बसवण्याची पद्धत लिहितो, कारण टिकणं न टिकणं इथेच ठरतं. किल्ली आणि किल-स्विचची दोरी काढा, प्लगच्या टोप्या काढा, गिअर न्यूट्रल. पातं आणि कॅव्हिटेशन प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडा, हाताने पातं धरून कधीच नाही. पंखा निघाल्यावर थ्रस्ट वॉशर काढून त्याच्या मागे बघा. तिथे तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) गुंडाळलेली सापडली तर ती सगळी काढा. ती सीलमध्ये शिरते, सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी जातं. तेल दुधाळ दिसलं तर पंख्याचं काम बाजूला ठेवून सील बदला.

दांडा पुसून दात्यांवर पाण्याने न धुपणारं मरीन ग्रीस सगळीकडे पातळ लावा. गाडीचं काळं ग्राफाइट ग्रीस खाऱ्या पाण्यात वापरू नका, वेगवेगळे धातू एकमेकांना खायला त्याची मदतच होते. पोकळी आणि बाही मात्र कोरडी ठेवा. बाही घट्ट जात असेल तर साबणाच्या पाण्याने सरकवा, ग्रीसने नाही. कोपरे जुळवून हाताने जाईल तेवढी ढकला, उरलेली लाकडी मोगरीने, किंवा दांड्यावर चढवून नट हळूहळू आवळत ओढून घ्या. बाही पूर्ण आत गेली का हे डोळ्यांनी बघा. अर्धवट गेलेली बाही नटाच्या जोरावर चेपते, पहिल्या फेरीत खाली बसते आणि नट सैल होतो.

नट टॉर्क पान्याने आवळा. या वर्गातल्या इंजिनांत एका कंपनीचा आकडा ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तर दुसरीचा ७५. म्हणून शेजाऱ्याचा आकडा घेऊ नका, तुमच्या पुस्तिकेतला घ्या. कॉटर पिनेचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा, मागे कधीच फिरवू नका. पिन दर वेळी नवी आणि स्टेनलेसचीच. ज्यांना कान दुमडायचा वॉशर आहे त्यांनी जुना कान सरळ करून दुसऱ्यांदा वापरू नये, तो तुटतो. शेवटी पंखा हाताने पूर्ण फिरवा, गिअरकेसला कुठे घासत नाही आणि फट सगळीकडे सारखी आहे हे बघा. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा, मग साधारण २० तास चालल्यावर आणखी एकदा. प्लास्टिकची बाही थोडी बसतेच, आणि हेच तपासणं सगळे टाळतात.

खाऱ्या पाण्यात महिन्यातून एकदा पंखा काढून ग्रीस करायचा. तसं न केल्यास पितळी तुकडा दांड्याला धरतो. बदलत्या हबचा इथे एक छुपा फायदा आहे. पितळ अडकलं तरी पंखा बाहीवरून ओढून काढता येतो, मग उघडं पडलेलं पितळ जपून कापता येतं. दाबलेल्या बुशचा पंखा अडकला तर पंख्यासकट झगडावं लागतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर ठेवा, समोरासमोरच्या बाजूंनी लाकूड धरून आळीपाळीने ठोका. गॅसची ज्योत लावू नका. सील जळते हे तर आहेच, पण आत कोंडलेली हवा आणि ग्रीस तापून भाग स्फोटासारखा उडू शकतो.

किनाऱ्यावर आणखी एक इलाज चालतो, सटकणाऱ्या बुशला बाहेरून भोक पाडून आरपार बोल्ट ठोकायचे. पंखा फिरतो, मोसम निघतो. पण पुढचा खडक लागेल तेव्हा मध्ये देणारं काही उरलेलं नसतं, धक्का सरळ गिअरच्या दात्यांवर किंवा दांड्यावर जातो. गिअरचा संच कितीला पडतो ते एकदा विचारून बघा आणि मग ठरवा.

तुमच्यासाठी माझं मत असं. ॲल्युमिनियमचाच, बदलत्या हबचा पंखा घ्या, पिच आधी मोजून. पण दुकानदाराकडे पंख्याबरोबर दोन सुटी किट आहेत का हे पैसे देण्याआधी विचारा. किट बऱ्याचदा बाहेरून मागवावी लागतात, आणि डिसेंबरच्या गर्दीत हब गेल्यावर किट यायला तीन आठवडे लागले तर या पंख्याचा सगळा फायदाच गेला. तो किट देऊ शकत नसेल, तर मूळ प्रकारचेच दोन पंखे घेणं शहाणपणाचं, एक लावलेला आणि एक बोटीत. तुमची बोट दिवसाला दोनच फेऱ्या करत असेल आणि खोल पाण्यातून जात असेल, तर आहे त्याच पंख्यात चांगलं बुश घालून घ्या, नवा घेण्याची गरज नाही.

मागवायचं असेल तर जून-जुलैत मागवा, मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा. जुना पंखा तेव्हाच प्रेसवाल्याकडे पाठवा आणि परत आल्यावर त्याच्यावर पेंटची रेघ मारूनच बोटीत ठेवा. चालवणाऱ्या पोराला मात्र आजच सांगा, थ्रॉटल पूर्ण खाली, एक श्वास थांबायचं, मगच गिअर.